सेट-टॉप बॉक्सला बाहेरची हार्ड डिस्क लावताना

आमच्या आत्याचं भजनी मंडळ सह्याद्री वाहिनीवर आलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त मिरवलं ते मी. आदल्याच महिन्यात मी डीटीएचच्या बॉक्सला ५०० जीबीची हार्ड डिस्क जोडली होती. "आत्या, काळजी नको, आता हे कायमचं राहिलं," असं तिला छातीठोकपणे सांगूनही टाकलं. ते रेकॉर्डिंग दीड वर्ष टिकलं. मग ऐन पावसाळ्यात बॉक्स मेला, कंपनीचा माणूस आला आणि अगदी तसाच दुसरा बॉक्स बसवून गेला. मी जुनी डिस्क त्याला जोडली. पडद्यावर सूचना आली की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. कंपनी तीच, मॉडेल तेच, कार्डावरचं नावसुद्धा माझंच. तरी जुन्या बॉक्सने लिहिलेलं नव्याला वाचता येईना. कस्टमर केअरवरच्या मुलीने तीन वेळा दिलगिरी व्यक्त केली आणि तिन्ही वेळा उत्तर तेच दिलं.

तेव्हापासून डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत कुणाला बॉक्सला डिस्क लावायची झाली की मला बोलावणं येतं. दरवेळी तेच प्रश्न येतात आणि लोक चुकतातही त्याच त्या जागी. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

रेकॉर्डिंग तुमचं, किल्ली बॉक्सची

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचा सिग्नल उपग्रहावरून कुलूपबंद येतो. बॉक्स तो उघडून टीव्हीला देतो, पण डिस्कवर लिहिताना पुन्हा कुलूप लावूनच लिहितो, आणि त्या कुलपाची किल्ली त्या एका बॉक्सशी बांधलेली असते. म्हणून ती डिस्क संगणकाला लावली तर एक तर ती कोरी दिसते, नाहीतर अगम्य नावांच्या फाइल्स दिसतात आणि व्हीएलसीसारखा काहीही चालवणारा प्लेअरसुद्धा त्यांच्यापुढे हात टेकतो. शेजाऱ्याच्या बॉक्सला लावली तरी तीच गत. अनेक बॉक्समध्ये तर रिचार्ज संपला की साठवलेलं पाहणंही बंद होतं.

वाहिन्या आणि डीटीएच कंपन्या यांच्यातल्या करारांमुळे हे असं आहे, आणि तुम्हीआम्ही चिडून त्यात काही बदलत नाही. पण डिस्कवर किती पैसे घालायचे हे यावरूनच ठरवावं. मालिका, सामने, सिनेमे, म्हणजे पाहायचं आणि पुसायचं, एवढ्यासाठी ही सोय झकास आहे. लेकीचा टीव्हीवर झालेला नाच किंवा आत्याचं भजन जपायचं असेल, तर या लेखाच्या शेवटी दुसरा रस्ता सांगितला आहे.

तुमचा बॉक्स यात बसतो का?

बॉक्सला यूएसबीचं तोंड आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. काही बॉक्समध्ये ते फक्त फोटो-गाणी दाखवायला असतं, काहींमध्ये तंत्रज्ञाला सॉफ्टवेअर भरण्यासाठी. आपल्याकडे रेकॉर्डिंगचे बॉक्स दोन जातींचे आले. एका जातीत डिस्क पोटातच असते. २००८ मध्ये आलेला टाटा स्काय प्लस तसा होता, आणि पुढच्या टाटा स्काय प्लस एचडीत ५०० जीबीची डिस्क आली. दुसऱ्या जातीत पोटात काही नसतं आणि तुम्ही लावाल ती पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क हीच कोठी. या लेखातलं बहुतेक सगळं या दुसऱ्या जातीसाठी आहे.

ओळखण्याची सोपी खूण रिमोटवर असते. लाल ठिपक्याचं रेकॉर्डचं बटण आहे का बघा. मग मेनूत "रेकॉर्डिंग", "स्टोरेज" किंवा "यूएसबी" नावाचं पान सापडतं का तेही बघा. दोन्ही असूनही रेकॉर्डिंग होत नसेल, तर ही सेवा वेगळी सुरू करून घ्यावी लागते का, हे कंपनीला फोन करून विचारा. काही ठिकाणी तिचे महिन्याला वेगळे पैसे पडतात. डिस्क विकत घेण्याआधी घरातली एखादी रिकामी ३२ जीबीची पेन ड्राइव्ह लावून दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाहा. ते जमलं तरच बाजाराची वाट धरा.

इथेच आणखी एक गैरसमज काढून टाकतो. "आमच्या टीव्हीलाच यूएसबी आहे, त्यात डिस्क घालतो," असं निम्मी इमारत म्हणते. टीव्हीमधलं रेकॉर्डिंग, जिथे ते असतं तिथे, टीव्हीच्या स्वतःच्या अँटेनाच्या तोंडातून येणाऱ्या वाहिन्यांपुरतंच असतं. बॉक्समधून एचडीएमआयच्या तारेने येणारं चित्र टीव्ही फक्त दाखवतो.

आणि डिस्क कितीही मोठी लावलीत तरी बॉक्समधले ट्यूनर, म्हणजे वाहिनीचा सिग्नल पकडणारे भाग, वाढत नाहीत. एकच ट्यूनर असेल तर रात्री साडेआठची मालिका रेकॉर्ड होत असताना दुसरी वाहिनी पाहता येणार नाही, किंवा अगदी मोजक्याच पाहता येतील. सासूबाईंची मालिका आणि जावयाचा सामना एकाच वेळी असेल, तर तो प्रश्न डिस्कने सुटत नाही. त्याला दोन ट्यूनरचा बॉक्स आणि डिशपासून दुसरी तार लागते.

किती जागा लागेल?

खोक्यावर "शेकडो तास" असं छापलेलं असतं. ते सोडा, हिशोब स्वतः करा. अवघड काही नाही.

एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला साधारण ८ मेगाबिट धरा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. तासाला झाले ३६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. साध्या एसडी वाहिनीला अडीच मेगाबिट धरले तर तासाला १.१ जीबीच्या आसपास. खरा आकडा वाहिनीगणिक हलतो, खेळाच्या वाहिन्या जास्त खातात आणि बातम्या कमी, पण अंदाजाला एवढं पुरतं.

आता घरचं गणित. अर्ध्या तासाची मालिका एचडीत १.८ जीबी, आठवड्याचे सहा भाग मिळून ११ जीबीपेक्षा थोडं कमी. आई महिनाभर गावी गेली आणि तिच्या तीन मालिका साठवल्या तर दीडशे जीबीच्या आत काम भागतं. एकदिवसीय सामना आठ तासांचा धरला तर २९ जीबी. कसोटीचे पाचही दिवस, रोज सात तास, १२६ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर असे पावणेतीनशे तास मावतात. (बॉक्स ९३१ जीबीच दाखवेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्रं १०२४ च्या.)

पावणेतीनशे तास म्हणजे रोज दोन तास पाहिलं तरी साडेचार महिन्यांचा ऐवज. कुठल्याही घराला १ टीबी पुरून उरते. २ टीबीच्या वर तर जाऊच नका, कारण डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत साधारण २ टीबीपलीकडचं मोजूच शकत नाही आणि बरेचसे बॉक्स त्याच पद्धतीवर अडकलेले आहेत. ४ टीबीची डिस्क लावली तर बॉक्स ती ओळखणार नाही, किंवा निम्मीच दाखवील.

डिस्क कोणती?

पेन ड्राइव्ह चाचणीपुरती ठीक. रोजच्या रेकॉर्डिंगला नको. स्वस्त पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग मध्येच ढेपाळतो, ती तापते, आणि थेट प्रक्षेपण थांबवून पुढे पाहण्याची सोय चालू असेल तर बॉक्स तिच्यावर अखंड लिहीत राहतो. त्यात ती लवकर मरते.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, चालेल, पण सेकंदाला एक मेगाबाइट लिहायला एसएसडी म्हणजे भाजी आणायला विमान. घरात पडून असेल तर लावा, मुद्दाम विकत घेऊ नका. तसंच यूएसबी ३ आहे की २ यावरही डोकं शिणवू नका. यूएसबी २ मधूनही प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक मेगाबाइट जातात.

खरी निवड दोन प्रकारांत आहे. पहिला प्रकार २.५ इंची पोर्टेबल डिस्क, खिशात मावणारी, एकाच तारेवर चालणारी. नेटकी, आवाज नाही, जागा खात नाही. दुसरा प्रकार ३.५ इंची, जाडजूड, स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागणारी. माझं मत सरळ दुसऱ्या बाजूने आहे, आणि कारण पुढच्या भागात येईल. त्यातही सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, या कामासाठी जणू जन्मलेल्या आहेत. दिवसरात्र सलग लिहिणं हीच त्यांची चाकरी. गल्लोगल्ली कॅमेरे लागल्यामुळे त्या मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. सोबत ३.५ इंचीचं केसिंग, म्हणजे डिस्क घालायची पेटी, घ्या, १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट. केसिंग सर्वांत स्वस्त पाहून उचलू नका. आतल्या छोट्या पट्टीवरची चिप टुकार असली की डिस्क चांगली असूनही बॉक्सला ती मधूनमधून दिसेनाशी होते.

जुन्या लॅपटॉपची डिस्क २.५ इंचीच्या केसिंगमध्ये घालणं हा सगळ्यांचा आवडता जुगाड आहे. माझाही. चालतो, फक्त ती डिस्क आधी तपासा.

वीज: निम्म्या तक्रारींचं मूळ

इमारतीत मी जेवढ्या "डिस्क खराब झाली" म्हणणाऱ्या घरांत गेलो, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी डिस्क ठणठणीत होती. ती उपाशी होती.

यूएसबी २ च्या तोंडातून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. २.५ इंची डिस्कला फिरत असताना हे बहुधा पुरतं, पण थांबलेली तबकडी पुन्हा फिरवायला सुरुवात करताना ती क्षणभर १ अँपिअरपर्यंत ओढते. लॅपटॉप तेवढं सोसतो. बॉक्सचा छोटा अडॅप्टर मात्र आधीच बॉक्स चालवून आणि डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या डोक्याला, वीज पुरवून दमलेला असतो. मग पुढची लक्षणं दिसतात. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येतो. डिस्क लावताच बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू होतो. किंवा, आणि हे सर्वांत फसवं, दिवसभर सगळं नीट चालतं आणि रात्री रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या क्षणी, डिस्क झोपेतून उठताना, ती गायब होते. सकाळी यादीत शून्य मिनिटांचं रेकॉर्डिंग.

उपाय तीन. पहिला म्हणजे ३.५ इंची डिस्क तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवर, म्हणजे बॉक्सवर भारच नको. दुसरा म्हणजे दोन तोंडांची यूएसबी केबल, एक तोंड बॉक्सला आणि दुसरं मोबाइलच्या चार्जरला. तिसरा, स्वतःची वीज असलेला यूएसबी हब, पण मध्ये हब आला की काही बॉक्स डिस्कला ओळखच देत नाहीत, म्हणून परत करण्याच्या बोलीवरच घ्या.

दुसरी गोष्ट वीज जाण्याची. लिहिता लिहिता वीज गेली की ते रेकॉर्डिंग तर जातंच, कधी डिस्कची अनुक्रमणिकाही बिघडते आणि मग सगळंच दिसेनासं होतं. जिथे रोज वीज झटके देते तिथे बॉक्स आणि डिस्क छोट्या यूपीएसवर टाका. दोन्हीही! आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी बॉक्स इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतला आणि डिस्कचा अडॅप्टर साध्या प्लगवर ठेवला. वीज गेली की बॉक्स जागा आणि डिस्क मेलेली, म्हणजे आधी होतं त्यापेक्षाही वाईट.

संगणकावरची पूर्वतयारी

बॉक्स डिस्क फॉरमॅट करेल, म्हणजे तिच्यावरचं सगळं जाईल. लग्नाचे फोटो असलेली डिस्क "थोडी जागा उरली आहे" म्हणून बॉक्सला लावलेली मी पाहिली आहे. तसं करू नका. बॉक्सची डिस्क ही फक्त बॉक्सची.

आधी संगणकावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते आणि तो ती वाचून दाखवतो. "गुड" असेल तर पुढे जा. "कॉशन" असेल, विशेषतः बदललेल्या किंवा बदलाच्या रांगेतल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या कप्प्यांचा, आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर ती डिस्क या कामाला नको. पेन ड्राइव्ह किंवा अनोळखी ब्रँडची डिस्क असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं साधन तिच्यावर काठोकाठ लिहून परत वाचतं. १ टीबी लिहिलेली आणि आत ३२ जीबी निघालेली "स्वस्तातली" ड्राइव्ह त्यात लगेच उघडी पडते.

मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुने सगळे भाग काढा, एमबीआर पद्धतीने (भाग नोंदवण्याची वर सांगितलेली जुनी पद्धत) एकच भाग करा आणि एनटीएफएसने (विंडोजची फाइल्स मांडण्याची पद्धत) फॉरमॅट करा. बॉक्स नंतर स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करेलच, पण अर्धवट भाग असलेली किंवा मॅकवर वापरलेली डिस्क पाहून तो गोंधळतो. कोरी पाटी दिली की कुरकुर कमी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये योग्य डिस्क निवडली आहे ना, हे आकारावरून दोनदा बघा. इथे चुकलात तर लॅपटॉपचाच डेटा जाईल.

जोडणी

१. एखादं रेकॉर्डिंग चालू किंवा ठरलेलं नाही ना ते बघा. मग बॉक्स रिमोटने नुसता झोपवू नका, भिंतीवरच्या बटणाने बंद करा.

२. डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असेल तर आधी तो लावा, डिस्क फिरू द्या. मग यूएसबी केबल बॉक्सला जोडा. दोन तोंडं असतील तर मागचं वापरा. पुढच्याला मुलं, मांजर आणि केरसुणी लागते.

३. बॉक्स सुरू करा. पूर्ण जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेईल, तोवर रिमोट दाबत बसू नका.

४. फॉरमॅटची विचारणा येईल. आली नाही तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या पानावर जा. हो म्हणा आणि संपेपर्यंत हात लावू नका. काही बॉक्स यासोबत वेगाची चाचणीही घेतात आणि "डिस्क संथ आहे" म्हणतात. तसं झालं तर आधी केबल बदलून पाहा. लांब, बारीक केबल हे नेहमीचं कारण.

५. स्टोरेजच्या पानावर एकूण आणि मोकळी जागा बरोबर दिसते का पाहा.

६. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. ते चालवा, पुढे पळवा, मागे घ्या. मग मुख्य परीक्षा: अर्ध्या तासानंतरचं एखादं रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि बॉक्स रिमोटने झोपवा. तो आपोआप उठून, डिस्क उठवून, नीट लिहितो का? ही परीक्षा पास झाली की काम झालं समजा.

ठेवायची कुठे

बॉक्सच्या डोक्यावर नाही. बॉक्स गरम असतो, डिस्क गरम असते, आणि दोघांवर क्रोशाचं कव्हर घालायची आपल्याकडची हौस वेगळीच. बाजूला, सपाट, चार बोटं मोकळी हवा राहील अशी ठेवा. उभी ठेवायची ३.५ इंची डिस्क आडवीच केलेली बरी. फिरत असताना पडली तर संपलीच. स्पीकरच्या पेटीवरही नको, हादरे बसतात. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात डिस्क आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज थोडी चालली की तिच्या उबेने आतला दमटपणा राहत नाही.

पावसावरून आठवलं. जोराच्या सरीत चित्र फुटतं ते डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात म्हणून. रेकॉर्डिंगमध्येही तेवढी भोकं पडतात. त्याला डिस्क जबाबदार नाही. पुनःप्रक्षेपण असेल तर तेच लावून ठेवा.

रोजच्या वापरातल्या चार गोष्टी

रेकॉर्डिंगची वेळ मागेपुढे वाढवण्याची सोय असेल तर मालिकांना आधी दोन आणि नंतर पाच मिनिटं द्या, थेट सामन्यांना नंतर किमान तासभर. शेवटचं षटक हुकलेलं रेकॉर्डिंग ठेवून कुणाला काय करायचं आहे?

जागा संपली की सर्वांत जुनं आपोआप पुसायचं, की नवं रेकॉर्डिंग थांबवायचं, हे सेटिंग एकदा नीट वाचा. घरात माणसं जास्त असतील तर "आपोआप पुसा" ठेवा आणि हवं ते कुलूपबंद करा. नाहीतर कुणाचं काय पुसलं यावरून जेवणाच्या ताटावर वाद होतात. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका, दहावा हिस्सा मोकळा असू द्या.

डिस्क काढायची असेल तर "सुरक्षित काढा" असा पर्याय मेनूत आहे का बघा. नसेल तर बॉक्स भिंतीच्या बटणाने बंद करा, अर्धा मिनिट थांबा, डिस्कची घरघर शांत झाली की मग केबल ओढा.

आणि एक दिवस, काही न करता, पुन्हा "फॉरमॅट करा" असं विचारलं जाईल. घाईने हो म्हणू नका. नाही म्हणा, सगळं बंद करा, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करा. मग केबल बदला, दुसरं यूएसबी तोंड वापरून पाहा, अडॅप्टर बदला. दहापैकी कित्येकदा डिस्क जशीच्या तशी परत येते. तीन-चार प्रयत्नांनंतरही आली नाही तर मात्र नशिबाला दोष देऊन हो म्हणा.

बॉक्स बदलायची वेळ येते तेव्हा

बॉक्स अधूनमधून बंद पडू लागला की तंत्रज्ञाला बोलावण्याआधी साठवलेलं पाहून घ्या. फोनवर स्पष्ट विचारा की अडॅप्टर बदलून भागेल का. माझ्या मेलेल्या बॉक्सचा फक्त अडॅप्टर गेला असावा अशी मला आजही शंका आहे, पण तंत्रज्ञाने पाच मिनिटांत बॉक्स पिशवीत टाकला आणि मी त्याला चहा विचारत राहिलो. इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या बॉक्सचा आग्रह झाला तर त्यात रेकॉर्डिंग आहे का, हे आधी विचारा. अनेकांत ते नाहीच.

अमेरिकेत असाल तर

तिकडच्या भाचरांनी विचारलं म्हणून थोडक्यात. तिथे हीच गोष्ट तीन कंपन्यांनी तीन तऱ्हांनी केली. टिवोने बाहेरची डिस्क आतल्या डिस्कशी लग्न लावल्यासारखी जोडली. त्यासाठी ईसॅटा नावाचं तोंड होतं आणि काही मॉडेलना अधिकृतपणे वेस्टर्न डिजिटलची माय डीव्हीआर एक्सपांडर एवढीच डिस्क चालत असे. एकच कार्यक्रम दोन्ही डिस्कवर विभागून लिहिला जाई, म्हणून बाहेरची काढली की रेकॉर्डिंग हातचं जाई. डायरेक्टीव्हीमध्ये बाहेरची डिस्क लावली की आतली बाजूला पडे, जुनं दिसेनासं होई आणि बाहेरची काढली की परत दिसे. डिश नेटवर्कने डिस्कला अडगळीच्या खोलीचं काम दिलं, आतलं हवं ते बाहेर हलवा आणि आत जागा करा. जुनं यंत्र वापरात असेल तर यांतलं कोणतं आहे हे कळल्याशिवाय केबल उपटू नका.

कुलूप नसलेला रस्ता

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचे पैसे नाहीत, आणि सह्याद्रीसारखी दूरदर्शनची वाहिनी तिच्यावर कुलपाशिवाय येते. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व, म्हणजे महाराष्ट्रातून डिशचं तोंड आग्नेयेकडे. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्री-टू-एअर, म्हणजे फुकट वाहिन्या दाखवणाऱ्या, बॉक्सपैकी बऱ्याच बॉक्सना यूएसबी रेकॉर्डिंग असतं, आणि जे लिहिलं जातं ती सरळ टीएस नावाची बिनकुलपाची व्हिडिओ फाइल असते. संगणकावर चालते, फोनवर चालते, दुसऱ्या डिस्कवर उतरवता येते. बॉक्स मेला तरी तिला धक्का नाही.

आत्याचा कार्यक्रम पुन्हा लागणार असल्याचं तिच्या मंडळातूनच कळलं, तेव्हा मी गच्चीवर ही दुसरी डिश लावली. वेळेचा भरवसा नव्हता म्हणून बराच आधीपासून रेकॉर्डिंग सुरू ठेवलं. सगळं व्यवस्थित लिहिलं गेलं. फक्त एक सेटिंग मी पाहिलं नव्हतं. असे बॉक्स फॅट३२ (फाइल्स मांडण्याची जुनी पद्धत) डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल करू शकत नाहीत म्हणून रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतात, आणि माझ्या बॉक्समध्ये तुकड्याचा आकार आधीपासून १ जीबीवर लावलेला होता. सह्याद्रीचा प्रवाह ३ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे दर ४४ मिनिटांनी नवा तुकडा. आत्याने टाळ वर उचलून तान घेतली, आणि नेमका तिथे पहिला तुकडा संपला. टीएस फाइल्स एकीच्या शेपटीला दुसरी चिकटवून जोडता येतात, तशा जोडल्या. पण सांध्यावर निमिषभर गचका राहिलाच आहे. आत्या म्हणते, तिला तो ऐकू येत नाही.

डिस्क एनटीएफएसने फॉरमॅट करा, बॉक्सला चालत असेल तर. आणि तुकड्याचा आकार जेवढा मोठा ठेवता येईल तेवढा ठेवा.